भिंगावरचं कुंकू

देवराव, तू गेल्यापासून गावात माझी एकही थाप खपत नाही. परवा शिरपूरच्या स्टँडवर चार माणसं बघून सुरुवात केली, की आमच्या देवरावाच्या मळ्यात एकदा असं वांगं लागलं होतं की ते घरी न्यायला बैलजोडी जुंपावी लागली, आणि देठ कापल्याबरोबर विहिरीचं पाणी दोन हात वर आलं. एरवी मी इथवर आलो की मागून तुझा आवाज यायचा, "दोन हात नाही, तीन हात. मी मोजलं होतं." मग लोक हसायचे. तुझी ती साक्ष नसली तर थाप म्हणजे निव्वळ खोटं, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. परवा चौघंही मान खाली घालून बसले. एकानं तर कीव करून चहा पाजला. तीस वर्षं कंडक्टर होतो मी, अर्ध्या जिल्ह्याला बसमध्ये उभं ठेवून गप्पा ऐकवल्या, पण असला अपमान कुणी केला नव्हता.

तेव्हा मी तुझ्यावर रागावलेला आहे, हे आधी सांगून टाकतो. गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की लोक पहिल्या ओळीतच त्याला हार घालतात. तुला हार घातला तो जावयानं, माझ्या डोळ्यांसमोर, तेवढा पुरे. तू हट्टी होतास, एका कानानं बहिरा असल्याचं सोंग करायचास, आणि मला वापरून घेतलंस. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत जेवढं खोटं तू माझ्याकडून बोलवून घेतलंस, तेवढं मी उभ्या जन्मात आपल्या खुशीनं बोललो नव्हतो.

सुरुवात झाली त्या कॅमेऱ्यापासून. तुझी लेक वर्षा लग्न होऊन बंगलोरला गेली आणि तुझं जेवण अर्ध्यावर आलं. वहिनी तर आधीच गेलेल्या. मळ्यातल्या त्या तीन खोल्यांत तू, मेथीच्या जुड्या आणि मी, एवढाच संसार. वर्षानं मोबाईलवर दिसायची सोय करून दिली, तर तू म्हणालास, पोट्टी बोराएवढी दिसते, चेहरा कोणता अन् टिकली कोणती समजत नाही. मग तीच म्हणाली, माझा कॉलेजातला कम्प्युटर पडून आहे, त्याला एक साधा वेबकॅम लावा, अगदी स्वस्तातला चालेल. आपण वाशीमला गेलो. दुकानदारानं तीन दाखवले. तू सगळ्यात स्वस्त होता तोच उचललास, आणि कारण काय दिलंस, तर याच्या डोळ्याभोवती सहा बारके बल्ब आहेत, उजेड सोबत घेऊन आला गडी. लिंबाएवढा प्लॅस्टिकचा गोळा, खाली कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा चिमटा, वायरीवर बल्ब कमीजास्त करायची चकती. भिंगाभोवतीची कडी हातानं फिरवली की चित्र स्वच्छ व्हायचं, आणि जरा जास्त फिरली की पुन्हा सगळं ताकासारखं.

तो चिमटा कम्प्युटरच्या जाड पडद्यावर बसेना. आपण सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तो करकचून बांधला, तो उलटा. पहिल्याच दिवशी वर्षानं विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं छताला काहून लटकले?" मी गावात सांगितलं की त्या दिवशी बंगलोरच्या सगळ्या बिल्डिंगा उलट्या झाल्या, लोकांना जिन्यानं वर उतरावं लागलं. तू म्हणालास, "चार बिल्डिंगा सुटल्या होत्या. मी पाह्यल्या."

ते दिवस चांगले होते. मी नाही म्हणत नाही.

मग तुझं आणि वर्षाचं ते पाहण्यावरून भांडण लागलं. कॅमेरा पडद्याच्या वर, वर्षा पडद्याच्या मधे. तू तिच्या तोंडाकडे बघायचास आणि तिला दिसायचं की बाप मान खाली घालून बसलाय.

"बाबा, माझ्याकडे बघा ना."

"तुह्याकडंच तं पाहून राह्यलो."

"नाही, तुम्ही टेबलाकडे बघताय."

महिनाभर हेच. शेवटी तिनं समजावलं, की वर त्या भिंगात बघा, म्हणजे मला वाटेल माझ्याकडे बघताय. तू भिंगात पाहिलंस. ती खूश झाली. पण आता तुला ती दिसेना. तिला पाहिलं तर तिला कळत नाही, आणि तिला कळावं म्हणून पाहिलं तर ती दिसत नाही, हा कुठला कारभार, असं तू मला विचारलंस. मी म्हटलं, एक डोळा वर ठेव, एक खाली. तू खरोखर आठ दिवस तसं करून पाहिलंस. वर्षानं घाबरून मला वेगळा फोन केला, की बाबांना लकवा तर मारला नाही. मग तूच तोड काढलीस. सारा वेळ खाली, तिच्या तोंडाकडे. आणि ठेवायच्या आधी एकदा, पाच-सात श्वास होतील एवढं, भिंगात. "हे तिच्या वाट्याचं," असं म्हणायचास. दर रविवारी सकाळी दहा वाजता, मेथी-सांबाराच्या जुड्या बाजारात रवाना झाल्या की, आंघोळ करून, केसाला तेल लावून तू तिच्या वाट्याचं पाहायला बसायचास.

वर्षाला दिवस गेले तेव्हा तू पहिली गोष्ट केलीस ती बाज नव्यानं विणून घेतलीस. पहिलं बाळंतपण माहेरी, घरात बाई नसली म्हणून काय झालं, मी हाय, आपला मोत्या हाय, असं माझ्याकडे बोट करून म्हणालास. आपण दोन बुढ्यांनी डिंकाचे लाडू केले, आठवतं का? पाक असा झाला की लाडू दगडावर आपटला तर दगड फुटला. हे मात्र खरं आहे, पाटा अजून तुझ्या मोरीत तुकडे होऊन पडलाय. पण सहाव्या महिन्यात तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की उठायचं नाही, चालायचं नाही, प्रवासाचं नावही काढायचं नाही. बाज तशीच उभी राहिली भिंतीला. लाडू कुरिअरनं गेले. आणि तुझं माहेरपण सगळं त्या लिंबाएवढ्या गोळ्यात येऊन बसलं.

म्हणून दसऱ्याला तू त्याची पूजा केलीस. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, तराजू, सगळं ओसरीत मांडून झाल्यावर तू ताट घेऊन कम्प्युटरपाशी आलास. कुंकू पाण्यात कालवलं तर करंट लागेल म्हणून ते तू निरांजनातल्या तेलात कालवलंस. देवराव, जगात लाखो कम्प्युटर असतील, पण तेलातलं कुंकू फक्त तुझ्या कम्प्युटरनं पाहिलं असेल. माऊसला लावलंस, बटणांना ओळीनं लावलंस, आणि मग अंगठा कॅमेऱ्याकडे नेलास. मी म्हटलं, डोळ्याले कायले लावतं, कपाळाले लाव.

"याले कपाळ कुठं हाये? सारा डोळाच हाये," तू म्हणालास, आणि भिंगावर अंगठा दाबलास.

नंतर बंडीच्या टोकानं पुसायला गेलास, तर ते सगळीकडे पसरलं. संध्याकाळी सोनं द्यायला म्हणून वर्षानं कॉल केला. आपण दोघंही पडद्याच्या कोपऱ्यात तांबूस दिसत होतो. मला वाटलं, आता ही बोलणार. तर ती म्हणाली, "बाबा, किती छान दिसताय. गालावर लाली आलीये." तू इतका फुललास, की मी नंतर कापूस आणला तेव्हा म्हणालास, पूजा केलेली हाय, दिवाळीपर्यंत राहू दे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही लालच दिसत होतो.

दिवाळीच्या आधी तुझे डोळे पिवळे झाले.

आधी डोळे, मग नखं, मग तळहात. मेथी खुडता खुडता तू अंग खाजवायचास. बंडी खांद्यावरून घसरायला लागली. मीच तुला ओढत वाशीमला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, ही साधी कावीळ वाटत नाही, नागपूरला घेऊन जा, वेळ घालवू नका. परतीच्या बसमध्ये मी तुला सगळं सांगितलं. मी कधी इतकं कमी शब्दांत काही सांगितलं नव्हतं. तू खिडकीबाहेर तुरीकडे बघत होतास. रिठद मागं पडलं तेव्हा म्हणालास, "वर्षीचं बाळंतपण होऊ दे."

त्या रविवारी नऊ वाजता मी साबणाचं ओलं फडकं घेऊन कॅमेऱ्यापाशी गेलो. तू मागून येऊन माझं मनगट धरलंस. तुझ्या अंगात ताकद राहिली नव्हती, पण ते मनगट अजून दुखतं.

"राहू दे."

"तिले दिसू दे ना, देवराव."

"तिले दिसलं तं ती उठंल. तिले उठू नको म्हणलं हाय."

"अन् तू?"

"मी तं बसलेलाच हाय." मग हळू आवाजात म्हणालास, "पुसलं तं माह्या दारात येजो नको. अन् तू आपला बोलत राह्य, मोत्या. तुहं कोणी खरं मानत नाही. ते कामाचं हाय आता."

साठ वर्षांची मैत्री, आणि माझा उपयोग काय, तर माझं कोणी खरं मानत नाही. हे तू बोललास ते चेष्टेत नव्हे. मला कामाला लावताना बोललास, रोजदाराला खुरपं देतात तसं. मी ते घेतलं. याचा राग तुझ्यावर जास्त आहे का माझ्यावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी बोलत राहिलो. दर रविवारी तू वायरीवरची चकती पुरी फिरवायचास, सहाही बल्ब तोंडावर, त्यात ते तेलकट कुंकू, आणि तू असा दिसायचास जसा नुकताच कुस्ती मारून आखाड्याबाहेर आलेला. हाडं बाहेर आली होती, ती त्या धूसर लालीत बुडून जायची. मी शेजारी बसून सांगायचो, वर्षे, तुह्या बापानं विहिरीतली मोटार एका हातानं वर काढली. वर्षे, रानडुक्कर शिरलं होतं वांग्यात, तुह्या बापानं त्याले कानाले धरून शाळेत नेऊन बसवलं, मास्तरनं हजेरी लावली त्याची. ती पडल्या पडल्या हसायची. तिला हसवणं चांगलं आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या म्हणे. तू साक्ष काढायचास, "पहिलीत नाही, दुसरीत बसवलं." आणि कॉल संपला की बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडायचास, आणि मी ताटातली तुझी न शिवलेली भाकर कुत्र्याला घालायचो.

एक रविवार आहे, ज्याबद्दल मी तुला कधी बोललो नाही. तू बोलता बोलता उठून बाहेर गेलास. भिंतीशी वाकून ओकत होतास, तो आवाज मला ऐकू येत होता, तिला येत नव्हता. पडद्यासमोर मी एकटा. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तुझी बंदी, तुझं दार, सगळं गेलं खड्ड्यात.

मी म्हणालो, "वर्षे, तुहा बाप पिवळा पडला. हळदीच्या पोत्यात पडल्यासारखा पिवळा. इतका, का परवा मधमाशा फूल समजून बसल्या त्याच्यावर."

ती अशी हसली की तिला पोट धरावं लागलं. "काका, मागच्या आठवड्यात तर डुक्कर शाळेत नेलं त्यांनी."

"हे खरं हाय."

"तेही खरंच होतं ना, काका?"

तेवढ्यात तू तोंड पुसत आलास आणि मी हसलो. तिच्यासोबत हसलो.

घरी जाताना मी स्वतःला सांगत होतो, की मोतीराम, तू सांगितलंस, तिनं ऐकलं नाही, आता तुझ्याकडे काही राहिलं नाही. पण देवराव, पिवळा हा एक शब्द पुरे होता. मधमाशा कशाला घातल्या मी त्यात? हळदीचं पोतं कशाला? तुझ्या परड्यातून रस्त्याला लागेपर्यंत मला उत्तर मिळालं होतं. मला सांगितल्याचं पुण्य हवं होतं आणि तिनं न ऐकल्याची सोयही. मी खरं अशा रीतीनं सांगितलं की ते खोटं वाटावं. हे कसब माझ्याइतकं कोणाला येत नाही. तीस वर्षं सराव केलेला आहे.

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं, पण दोघीही चांगल्या. मी पेढे वाटले आणि तसाच तुझ्याकडे आलो, की चाल आता नागपूरले, गाडी सांगून ठेवली. तू म्हणालास, "बारसं होऊ दे." मी त्या दिवशी तुला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तू ऐकून घेतलंस, सगळं, आणि मग म्हणालास, "झालं? आता मले बाजेवर ने, उन्हात." बारा दिवस मी रोज गाडीचं बोलायचो आणि तू रोज ऊन मागायचास. वर्षा दवाखान्यात, म्हणून त्या दिवसांत कॉल झाला नाही. नागपूरनं काही झालं असतं का? डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे वाक्य मला आता जन्मभर पुरणार आहे. होय म्हणाले असते तर तुला शिव्या दिल्या असत्या, नाही म्हणाले असते तर झोप लागली असती.

बारशाच्या दिवशी तू स्वच्छ सदरा घातलास. तो तुझ्यावर दोरीवर टांगल्यासारखा दिसत होता. मी तुला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली, चकती फिरवली. पलीकडे पाळणा, फुलं, बायकांची गर्दी, तिच्या सासूबाईंचा आवाज. रेवा नाव ठेवलं. आणि वर्षानं ते गाठोडं उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, "बाबा, बघा. नात बघा तुमची."

तू भिंगात पाहिलंस.

मला वाटलं, पाच-सात श्वास, मग खाली बघशील. नाही. ती पोरीचं टोपडं काढून दाखवत होती, मूठ उघडून दाखवत होती, आणि तुझी नजर त्या लाल भिंगावर खिळलेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पापणी हलली नाही. मी कोपर मारलं. हळूच म्हणालो, देवराव, खाली पाह्य, पोरगी दाखवून राह्यली. तू ऐकलं नाहीस. मला वाटलं, पुन्हा ते बहिऱ्या कानाचं सोंग. तिकडून वर्षा म्हणाली, "बाबा, आज किती नीट बघताय तुम्ही." आणि रडली.

कॉल संपला. तू बराच वेळ दम घेत बसलास. मग विचारलंस, "कशी हाय रे?"

"म्हंजे? पाह्यली नाही तू?"

"वर्षी सदा म्हणे, बाबा माह्याकडं पाहत नाही. आज तिले पुरं पाहू देलं."

"अन् नात?"

"ते तू सांग ना. तू पाह्यली ना?"

मी सांगितलं. काय करू? समोर तू, खुर्चीत अर्धा उरलेला, डोळे मिटून ऐकायला बसलेला. मी म्हणालो, नाक तर असं तुझ्यावर गेलंय, की पाळण्यात मावेना म्हणून दांडी वाकवावी लागली. जावळ इतकं दाट, की दोन बाया तेल लावून थकल्या. मूठ अशी आवळलेली, जसं खुरपं धरलंय, आणि नाव ठेवल्याबरोबर तिनं हुंकार दिला, पाळण्याची घुंगरं तुटून पडली. मी थांबलो. तू आता म्हणशील, दोन नाही, तीन बाया, मी मोजल्या होत्या. तू काही म्हणाला नाहीस. नुसता ऐकत राहिलास, पुढं सांग म्हटल्यासारखा. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. साठ वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमका तेव्हा.

चौथ्या दिवशी सकाळी, उन्हात, वांग्याच्या वाफ्याजवळ बाजेवर तू गेलास. मी लिंबूपाणी करायला आत गेलो होतो. किन्हीराजाहून माझ्या बहिणीनं लिंबं पाठवली होती. ती अजून तुझ्या ओट्यावर सुकत आहेत.

जावई आला, त्यानं सगळं केलं. वर्षाला टाक्यांमुळे उठता येत नव्हतं. सव्वा महिना झाल्यावर ती आली, पोरीला घेऊन. घरात पाऊल टाकल्यावर ती रडली नाही. सरळ कम्प्युटरपाशी गेली, त्याच्यावरची तिची जुनी ओढणी काढली आणि सुरू केला. पडद्यावर तिला तिचंच तोंड दिसलं, तांबूस, टवटवीत, कडा नसलेलं. बाळंतपणानं ती वाळून गेलीय, पण तिथं कशी खाऊनपिऊन सुखी दिसत होती. तिनं बोट वर नेलं आणि भिंगावरून फिरवलं. बोटाला तेल आलं, लाल.

"काका, हे काय आहे?"

मी सांगितलं. दसऱ्यापासून सगळं, वाशीमचे डॉक्टर, फडकं, मनगट. त्यात एकही मधमाशी नव्हती. सांगायला दहा मिनिटं लागली नाहीत. माझी सगळ्यात आखूड गोष्ट असेल ती.

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं मला. पिवळे पडले म्हणून. मीच हसले."

देवराव, इथं गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. तिनं आपल्या हातानं ते ओझं उचललं होतं. मी म्हणालो, "नाही, वर्षे. तू हसावं म्हणूनच मी तसं सांगितलं."

तिनं बोटाचं तेल ओढणीला पुसलं. मग म्हणाली, "तुमी दोघांनी मिळून मले येऊ देलं नाही." इतकी वर्षं बंगलोरला राहून ती शुद्ध बोलायला लागली होती, पण हे तिनं आपल्या भाषेत म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ओसरीत येऊन बसायचो, ती आत पोरीला घेऊन. तू असतास तर काहीतरी सोंग केलं असतंस. तू नव्हतास. तू सगळं माझ्या गळ्यात टाकून उन्हात जाऊन पडला होतास.

तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि उभ्यानंच विचारलं, "बाबांनी हिला पाहिलं होतं ना? बारशाला?"

होय म्हणायला काय लागतं? एक शब्द. मी तर वांग्याला बैल जुंपलेला माणूस. तो शब्द जिभेवर आलाही होता.

"नाही," मी म्हणालो. "तो भिंगात पाहत होता. तुह्याकडं."

ती खाली बसली. तिथूनच विचारलं, "मग त्यांना कशी वाटली ती?"

मी म्हणालो, मी सांगितली तशी. आणि काय सांगितलं तेही सांगितलं, नाक, जावळ, घुंगरं. ती हसली नाही. उठली, आत गेली, पोरीला आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आता नीट बघा हिला, काका. आणि त्यांना लिहून कळवा. काही लावू नका त्यात."

म्हणून हे लिहितो आहे. कॅमेरा तिनं पुसला, रॉकेल लागलं पुसायला. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि तिचा माझ्यावरचा गेला असं मी म्हणणार नाही. पण तिनं सांगितलेलं काम करतो.

देवराव, रेवा लहान आहे. तुझ्या कोपरापासून बोटापर्यंत होईल, त्याहून थोडी जास्त. नाक तुझं नाही, जावयाचं आहे, बसकं. जावळ डोक्यावर नाही, फक्त मानेशी थोडं, तेही भुरकं. उजवा कान वरून जरा मुडपलेला आहे. मूठ आवळत नाही, बोटं सैल असतात, बोट दिलं तर धरते आणि सोडून देते. हुंकार अजून देत नाही. दूध प्यायल्यावर तोंड उघडं टाकून झोपते. रंग चांगला आहे, डोळ्यांतलं पांढरं पांढरंच आहे, मी उजेडात नेऊन पाहिलं. अजून ती नजरेला नजर देत नाही. तिच्यासमोर तोंड नेलं तर ती तोंडाकडे बघत नाही, चार बोटं वर बघते, कपाळाच्या वर. मी वाकून पाहिलं, बाजूला सरकून पाहिलं, हाक मारून पाहिलं. तिथंच बघते.